आडवं पडून शिकायचा विषय

आमच्या जयनगरच्या घरात एकही भिंत मोकळी नव्हती. पुढच्या खोलीत देव, देवांच्या खाली आजोबा-पणजोबा, त्यांच्या खाली किराणा दुकानांची कॅलेंडरं, आणि उरल्यासुरल्या जागेत अक्कानं काचेखाली डकवलेले भरतकामाचे दोन मोर. मधल्या खोलीत कपाटं आणि दांडीवरचे कपडे. स्वयंपाकघराच्या भिंतीचा मूळ रंग कोणता होता ते मला आजही सांगता येणार नाही, फोडण्यांनी तो कधीच गिळला होता. हे सगळं घराची ऐट मिरवायला सांगत नाही. एखादी भिंत मोकळी असती तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं, एवढंच मला म्हणायचं आहे. बहुधा मी उत्तम लोणची घातली असती.

अक्का म्हणजे माझी आई. तिची धाकटी भावंडं शिकायला आमच्याकडेच राहून गेली, ती तिला अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले आणि मला कुणी सुधारलं नाही. वडील अण्णा. आमचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे बंगळुरात येऊन रुजलेलं, त्यामुळे आमच्या मराठीत कन्नड अशी मुरली आहे की पुण्याकडचे पाहुणे आले की आमचं बोलणं कौतुकानं आणि स्वल्प दयेनं ऐकत. अण्णा मुलांच्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. त्याच संस्थेची मुलींची शाळा कुंपणाच्या अलीकडे, आणि तिथे मी. कुंपणापलीकडे माझाच बाप परक्यांच्या पोरांना बेडकाचं हृदय समजावून सांगत होता आणि अलीकडे नववीपासून मुलींना जीवशास्त्र नव्हतंच. आम्हाला गृहविज्ञान होतं. त्यात लिंबाचं सरबत टिकवणं, काज-बटण आणि पाहुण्यांची व्यवस्था एवढं यायचं. मी तेव्हा आठवीत होते. सरबत मला प्यायला आवडायचं, टिकवायला नाही.

अवरेच्या दिवसांत ते यंत्र आमच्या घरात आलं. अवरे म्हणजे आपल्याकडच्या वालाची बहीण, पण बंगळुरात हिवाळ्यात तिचं राज्य असतं. शेंगांच्या सालीवर एक चिकट, तेलकट, नाकात बसणारा वास असतो, त्याला इथे सोगडु म्हणतात, आणि तो बोटांना दोन-दोन दिवस सोडत नाही. त्या संध्याकाळी आम्ही परातीभोवती बसून भिजवलेले अवरे हितकवत होतो. दाणा अंगठा आणि बोटाच्या मधे धरून दाबायचा, की तो सालीतून टुणकन उडून परातीत पडतो. चार हात लागले की परातीवर छान टिपटिप सुरू होते आणि त्या तालावर गप्पा चालतात. तेवढ्यात अण्णा आणि एक रिक्षावाला मिळून एक लोखंडी धूड दारातून आत आणू लागले.

"अय्यो! हे काय आणलंत?" अक्का परातीवरून उठली. "स्वल्प तरी विचारायचं की नाही?"

"सरी, सरी, बरं बाई, ओरडू नको. प्रोजेक्टर आहे. एका कारखान्याच्या ट्रेनिंगवाल्यांनी मोडीत काढला. दिवा चालतो, पंखा तेवढा कुरकुरतो."

"आणि ठेवायचा कुठं? माझ्या डोक्यावर?"

अण्णांनी खोलीभर नजर फिरवली. मग त्यांनी ते धूड जेवायच्या पाटावर ठेवलं, अक्काच्या वेणीफणीचा आरसा तिला न विचारता उचलला आणि भिंगापुढे तिरका टेकवला. दिवे घालवले. पंखा घरघरला, तापलेल्या धुळीचा वास सुटला, आणि आमच्या पांढऱ्या छतावर उजेडाचा एक मोठा चौकोन उमटला. देव, पणजोबा आणि मोर यांच्यापैकी कुणालाही हलवावं लागलं नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे जीवशास्त्र हा आडवं पडून शिकायचा विषय झाला. जेवणाआधी चटया पसरायच्या, उशा घ्यायच्या, आणि छताकडे बघत पडायचं. अण्णा दोन काचांमधे काय काय दाबून आणत! कांद्याचा पापुद्रा, चतुराचा पंख, झुरळाची तंगडी, कुजून जाळी झालेलं पिंपळपान. चित्र उलटं वाटलं तर चटई फिरवायची, एवढाच नियम. कोशिंबिरीसाठी चिरलेल्या काकडीची पातळ चकती एकदा वर गेली, तेव्हा अक्का म्हणाली की इतकी सुंदर रांगोळी तिनं जन्मात काढली नाही, आणि तेवढ्याच दमात म्हणाली की आता ती काकडी परत द्या, जेवायला उशीर होतोय.

मी कशानं पागल झाले ते सांगते. हितकवलेल्या अवरेचा एक दाणा अण्णांनी उकलला आणि दोन डाळिंब्यांच्या बेचक्यातला एवढासा कोंब सुईनं काढून काचेत ठेवला. छतावर तो माझ्याएवढा झाला. त्याला मूळ होतं, आणि वर एकमेकांवर मिटलेली दोन पानं होती, पानांना शिरासुद्धा होत्या. म्हणजे आम्ही इतकी वर्षं आमटीत घालून खात होतो ती अख्खी झाडं होती, घडी घालून ठेवलेली. मी चटईवर ताडकन उठून बसले. "अण्णा, मला हे शिकायचंय. शाळेत. परीक्षेसकट." परीक्षेसकट म्हणणारी मुलगी आपल्या पोटी जन्मली याचा अण्णांना इतका आनंद झाला की ते काही वेळ चष्माच पुसत बसले.

पण शिकायचं म्हणजे संस्थेच्या समितीला पटवायचं. समिती तिघांची होती, पण दोघे व्यंकोबराव मान हलवतील तशी हलवणारे, म्हणून समिती म्हणजे व्यंकोबराव. निवृत्त वकील, डोक्यावर जरीचा म्हैसुरी पेटा, आणि बोलणं असं की समोरचा आपोआप साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहावा. अण्णा मला घेऊन त्यांच्याकडे गेले.

"मास्तर," व्यंकोबराव म्हणाले, "मुलींनी बेडूक कापायचं म्हणता? उद्या सासरी जाऊन काय कापणार त्या?"

"कापायचं नाही, राव. बघायचं. चाकू नाही, बेडूक नाही, प्रयोगशाळा नाही. सगळं प्रकाशात दाखवतो. आणि मेलेलं नाही, जिवंत दाखवतो."

"जिवंत?"

"जिवंत. पाण्यात डासाची अळी कशी लटकते, श्वास कसा घेते, सगळं."

व्यंकोबरावांनी माझ्याकडे पाहिलं. "हिला हवंय होय हे?" मी होय म्हणाले, जरा मोठ्यानेच. ते म्हणाले, "बरं. उन्हाळ्याच्या सुटीआधी शाळेच्या हॉलमधे दाखवा. पटलं तर जूनपासून नववीला सुरू. नाही पटलं तर पुन्हा हा विषय माझ्यापुढे आणायचा नाही." मी मनात हिशेब केला. नाही पटलं तर काज-बटण.

मग आमच्या घरात डास पाळायला सुरुवात झाली. आज मी सर्जापूर रोडवर मुलाकडे राहते, तिथे कुंडीखालच्या बशीत चमचाभर पाणी साचलं तरी सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट नोटीस येते. त्या वेळी आम्ही मागच्या अंगणात मडक्यात पाणी साठवून रोज डासांची वाट पाहत होतो, आणि डासांनी आम्हाला निराश केलं नाही. अक्का दिवसभर स्वतःच्या पायांवर चापट्या मारत म्हणे, "लोक गाय पाळतात, पोपट पाळतात." अण्णांनी अळ्यांसाठी काचेची पेटी केली. दोन काचांच्या मधे रबरी नळी घोड्याच्या नालासारखी वाकवून बसवायची, बाहेरून चिमटे लावायचे, वरून पाणी ओतायचं. नळी त्यांनी एनिमाच्या भांड्याची कापून घेतली हे अक्काला पुष्कळ उशिरा कळलं. दिव्याची धग अळ्यांना बाधू नये म्हणून मधे साध्या पाण्याची आणखी एक पेटी. आणि मग आम्ही चटयांवर पडलो की छतावर त्या अळ्या पाण्याला शेपटीनं टेकून, डोकं खाली करून लटकायच्या, मधेच अंगाचा आकडा करून खाली बुडायच्या, पुन्हा वर यायच्या. मला त्यांचं बोलणंही पाठ झालं होतं, म्हणजे अण्णांचं त्यांच्याबद्दलचं बोलणं. आम्ही अगदी तयार होतो.

हॉलमधला तो दिवस. खिडक्यांना काळे कापड, भिंतीवर धुतलेली पांढरी चादर, पुढे समितीच्या खुर्च्या, मागे बाकांवर आमचा आठवीचा वर्ग. मुख्याध्यापिका सरोजम्मा मिस् दाराशी उभ्या, कुणी खिदळलं की अंधारातही नाव घेऊन ओरडणाऱ्या. आणि सगळ्यात शेवटी अक्का, कारण समितीच्या फराळाचं आमच्याकडे होतं. चित्रान्न, कोसंबरी आणि मोठ्या फिरकीच्या डब्यात कॉफी. सकाळपासून ती उभीच होती.

कांद्याचा पापुद्रा झकास झाला. त्याला वर-खाली नसतंच. मग पिंपळपान आलं, त्याचं टोक आकाशाकडे. अण्णा जरा चमकले, त्यांनी काच उलटी करून घातली, पान सरळ झालं. मी काही मनावर घेतलं नाही. मग अण्णा घसा साफ करून म्हणाले, "आता जिवंत. डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला उलटी लटकते," आणि त्यांनी पेटी यंत्रात सरकवली.

भिंतीवर पाण्याचा पृष्ठभाग चादरीच्या तळाशी होता. अळ्या त्यावर शेपटीच्या टोकांवर ताठ उभ्या होत्या, डोकी वर करून, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलींसारख्या. एक बुडबुडा सुटला आणि दगडासारखा खाली गेला.

व्यंकोबरावांचा आवाज आला. "मास्तर, उलटी लटकते म्हणालात. ही तर सरळ उभी आहे."

अण्णांचा चेहरा मला यंत्राच्या फटीतल्या उजेडात दिसत होता. भिंगातून प्रतिमा उलटी पडते हे ते दरवर्षी डोळ्याच्या धड्यात शिकवत. पण यंत्र आल्यापासून त्यांनी एकदाही भिंतीवर चित्र पाडलं नव्हतं. घरी चित्र उलटं वाटलं की आम्ही स्वतःच फिरत होतो, त्यामुळे उलट्याची भानगड कुणाच्या लक्षातच आली नव्हती. जगात दुसऱ्या कुठल्या जीवशास्त्राच्या शिक्षकाच्या हातून ही चूक झाली नसती, कारण दुसऱ्या कुणाच्या घरी अख्खं कुटुंब चटईवर पडून शिकत नव्हतं. पानाची काच त्यांनी फिरवली होती. पाणी कसं फिरवणार? सवयीनं हात पेटीकडे गेलाही, पण निम्म्यावर थांबला.

मागून कुणी तरी हसलं. व्यंकोबराव खुर्चीत सावरून बसले, उठण्याआधी माणूस बसतो तसे. माझ्या डोळ्यांपुढे काज-बटण आलं, आणि मी बाकावरून ओरडले, "आम्ही घरी आडवं पडून बघतो!"

आता सगळेच हसले. पण अण्णा हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आरसा. कुणी आरसा आणा." आरसा शाळेत एकाच ठिकाणी होता, गृहविज्ञानाच्या वर्गात, ब्लाउजचं फिटिंग बघायला. दोन मुली धावत जाऊन तो घेऊन आल्या. यंत्र टेबलावरून खाली उतरवलं, आरसा तिरका लावला, आणि हॉलच्या उंच छतावर सगळं उमटलं. शिपायानं सतरंजी पसरली. आता फक्त पडायचं होतं.

"मलगोदा?" सरोजम्मा मिस् कन्नडात किंचाळल्याच. आडवं पडायचं? शाळेत? परपुरुषांसमोर मुलींनी? एकही मुलगी बाकावरून हलली नाही. समितीचे दोघे व्यंकोबरावांकडे बघत होते आणि व्यंकोबराव त्या सतरंजीकडे, जणू ती समन्स होती. अण्णा कुणाला काय सांगणार? मान वर करून, तोंड उघडं टाकून बघता येत होतं, पण तसं किती वेळ बघणार, आणि तसं बघताना जो तो मूर्ख दिसत होता. चित्र वर होतं, आणि ते बघायला कुणी नव्हतं.

तेव्हा अक्का पुढे आली. पदर कमरेला खोचलेला होता तो तिनं नीट अंगभर घेतला, समितीला मान लववून नमस्कार केला, आणि म्हणाली, "सकाळपासून पाठ मोडली माझी. मी पडते बाई." आणि यंत्राच्या अगदी शेजारी, आरशाला लागून, ती सतरंजीवर सरळ आडवी झाली. हात पोटावर ठेवले, वर पाहिलं, आणि शेजारणीला सांगावं तसं म्हणाली, "हां. आता बरोबर लटकतायत."

मला त्या वेळी तिची जी लाज वाटली आणि जो अभिमान वाटला ते दोन्ही एकाच वेळी एवढ्या जोरात वाटलं की मी धावत जाऊन तिच्याजवळ पडले. मग माझ्या वर्गातली एक, मग दुसरी, मग सगळ्याच. सरोजम्मा मिस् काही वेळ "बेडा, बेडा" म्हणजे नको नको करत राहिल्या, आणि मग साडीच्या निऱ्या घोट्याशी दाबून धरून त्याही पडल्या. समितीच्या बाजूला बराच वेळ काही हललं नाही. मग खुर्ची करकरली. व्यंकोबरावांनी पेटा उतरवून खुर्चीवर ठेवला, धोतर सावरलं, आणि एका हाताने गुडघा धरून ते खाली आले. त्यांच्यामागोमाग बाकीचे दोघे.

अण्णांनी बोलायला सुरुवात केली आणि लगेच थांबवली. कारण त्या पेटीत अळ्यांबरोबर एक कोषही होता, स्वल्पविरामासारखा वाकडा, आणि तो पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन थांबला होता. त्याची पाठ सरळ होऊ लागली. मग ती उकलली. त्या फटीतून काही तरी वर येऊ लागलं, सावकाश, आणि ते इतकं सरळ वर येत होतं की कुणी तरी खालून उचलून देतंय असं वाटावं. आधी पाठ, मग डोकं, मग एकेक करून पाय, केसासारखे, थरथरणारे. छतावर तो डास घोड्याएवढा होता. स्वतःच्याच टाकलेल्या सालीवर उभा राहून त्यानं ओले पाय पाण्यावर टेकले, पाणी किंचित दबलं पण फुटलं नाही, आणि तो तसाच पंख वाळवत उभा राहिला. हे आम्ही घरी कधी पाहिलं नव्हतं. अण्णांनीही पाहिलं नव्हतं, पुस्तकात वाचलं होतं फक्त. पंखा तेवढा कुरकुरत होता.

हल्ली नातीच्या शाळेत भिंतभर पडदा आहे, बोट लावलं की मानवी हृदय गरगर फिरतं, रक्तसुद्धा वाहतं. मी एकदा जाऊन पाहिलं, फार छान आहे. पण त्यातल्या हृदयाचं काय होणार हे पडद्याला आधीच माहीत असतं. त्या दिवशी छतावर काय होणार हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं, शिकवणाऱ्यालासुद्धा. तो आनंद मी नंतर आयुष्यभर वर्गावर्गात पोरांना द्यायचा प्रयत्न केला. कधी जमला, बऱ्याचदा नाही.

डास उडाला. चौकोनातून नाहीसा झाला आणि मग अंधारात कुठे तरी त्याची गुणगुण ऐकू आली. डास उडाला आणि कुणी टाळी मारली नाही अशी खोली मी जन्मात तेवढी एकच पाहिली.

बऱ्याच वेळानं, अजून आडवेच असलेल्या व्यंकोबरावांचा आवाज आला. वकिली त्यातून उतरली होती. "मुलींनो, कुणाकुणाला शिकायचंय हे? हात वर करा."

अंधारात त्यांना हात कसे दिसणार होते कोण जाणे. पण यंत्राजवळ पडलेल्यांचे हात उजेडाच्या झोतात शिरले, आणि छतावर, त्या लटकणाऱ्या अळ्यांमधे, मोठमोठ्या सावल्या उगवल्या. बोटं पसरलेले हात, एकात एक मिसळलेले. माझा त्यात होता. आणि माझ्याशेजारून एक हात वर गेला तेव्हा बांगड्या किणकिणल्या.

व्यंकोबराव छताकडे बघतच म्हणाले, "सरी, मास्तर. जूनपासून सुरू करा. आणि आता मला कुणी तरी उठवा."

मुली किंचाळत उठल्या, सरोजम्मा मिस् नावं घेऊन ओरडायला लागल्या, अण्णा व्यंकोबरावांना हात द्यायला धावले. मी रडत होते आणि हसतही होते. वर छतावरचे सगळे हात खाली गेले होते. अक्काचा तेवढा अजून वरच होता.